उजव्या जबड्याखाली दोन बोटं

हलकेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कागदपत्रांवर होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. समोरच्या किराणा दुकानदारापासून वरच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत सगळी गल्ली त्यांना हलकेरावच म्हणायची, कारण त्यांचा हात हलका. वस्तरा गालावरून फिरून गेला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये, इतका. ते वकील तर साबण लागला रे लागला की घोरायला लागत आणि टॉवेलाने तोंड पुसलं की दचकून विचारत, "काय, सुरू करताय ना?"

दुकान म्हणजे रस्त्याकडेला उघडणारी एक लांबोडकी खोली. खुर्च्या दोन. एक कामाची, दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. भिंतभर आरसा, त्याचा खालचा कोपरा पाण्याने काळवंडलेला. फळीवर साबणाची वाटी, तीन ब्रश, तुरटीचा खडा आणि निळ्या पाण्याची फवाऱ्याची बाटली. टॉवेलांचं खातं मात्र बायकोकडे. ती रोज सकाळी इस्त्री केलेल्या टॉवेलांची चळत आणून ठेवायची आणि जाताना एखादं काम सांगून जायची. ते संध्याकाळपर्यंत झालेलं नसायचं. "हात हलका आणि कान जड," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

हा हात त्यांना मामांनी दिला. मामांकडे ते सोळाव्या वर्षी शिकायला गेले, तेव्हा पहिले दोन महिने माणसाचा गाल नशिबात नव्हता. फुग्याला साबण फासायचा आणि तो वस्तऱ्याने उतरवायचा. फुगा फुटला तरी मामा रागवायचे नाहीत. नवा फुगा पुढे करायचे आणि म्हणायचे, "फुगव." दाढी येण्याआधी छातीच दमदार झाली, असं हलकेराव पुढे हसून सांगत.

पण एक गोष्ट ते हसून सांगत नसत. कशीच सांगत नसत. चोविसाव्या वर्षी, दुकान नुकतं टाकलेलं असताना, एक म्हातारा छापखानावाला त्यांच्या खुर्चीत बसल्याबसल्या बेशुद्ध पडला. मान एकदम कलली, वस्तरा हनुवटीत गेला, तीन टाके पडले. म्हातारबुवा दोन मिनिटांत शुद्धीवर आले, पण त्यांच्या मुलाने भर रस्त्यात उद्धार केला : "वस्तरा धरता येत नाही तर दुकान कशाला मांडलंस?" त्यानंतर अकरा महिने हलकेरावांनी वस्तऱ्याला हात लावला नाही. नुसते केस कापायचे. दाढीचं गिऱ्हाईक आलं की "धार लावायला दिलाय" म्हणून वाटेला लावायचे. शेवटी नव्या नवरीने, म्हणजे बायकोने, एक दिवस आपल्या वडिलांना हाताला धरून दुकानात आणलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "यांची करा." सासरेबुवांनी डोळे मिटून मान मागे टाकली. त्या दिवशी वस्तरा पुन्हा हातात आला. बायकोचे टोमणे आयुष्यभर गोड मानून घेतले ते त्या एका सकाळसाठी, असं त्यांना मनातून वाटायचं. तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही ती वेगळी गोष्ट.

कप्तान हे त्यांचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. धंद्याने बसचे ड्रायव्हर. स्टिअरिंगमागे ते असे काही ताठ बसत, की शहरबस नव्हे, जहाज हाकताहेत असं वाटावं. म्हणून कप्तान. गणवेशाचं गळ्याचं बटण कायम लावलेलं. कामावर जाण्याआधी एक दिवसाआड सकाळी ते दाढीला यायचे. वस्तरा पाहिला की त्यांचा एकच ठरलेला विनोद : "हलकेराव, केसाने गळा कापणारे पुष्कळ भेटले. तुम्ही निदान हत्याराने तरी कापता."

त्या वर्षी कप्तानांना चौपन्नावं लागलं होतं आणि त्यांच्यामागे एक विचित्र दुखणं लागलं. आधी एकदा घरी, सदऱ्याचं गळ्याचं बटण लावतालावता, ते आरशासमोरच कोसळले. मग डेपोत बस मागे घेताना मान वळवून पाहिलं आणि डोळ्यांपुढे अंधार. बस भिंतीला जाऊन टेकली. आत कुणी नव्हतं, बाहेर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. शुद्धीवर आले तेव्हा भोवती सहा माणसं आणि सहा जणांची सहा मतं. त्यातलं एक मत फार लवकर पसरलं : सकाळीसकाळीच घेतली असणार. साहेबांनी त्यांना कामावरून उतरवलं. तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो चांगला, साखर चांगली, ईसीजी चांगला. सगळंच चांगलं निघालं म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली, की मग बाटलीच.

"एकवेळ रोग निघाला असता तर बरं झालं असतं," कप्तान खुर्चीत बसून म्हणाले. "रोगाला निदान कागद असतो. बदनामीला काय औषध?"

"मान थोडी डावीकडे," हलकेराव म्हणाले. ते साबणावरून वस्तरा फिरवत होते आणि उजव्या जबड्याखालची कातडी ताणायला डाव्या हाताची दोन बोटं टेकवली होती.

कप्तान काहीतरी बोलत होते ते अर्ध्यातच थांबले. आरशात त्यांचे डोळे वर गेले. चेहरा टॉवेलासारखा पांढरा पडला.

हलकेरावांचा वस्तरा त्याच क्षणी हवेत वर गेला. कातडीवर ओरखडासुद्धा नाही. हात बाजूला होताच पाच-सहा सेकंदांत कप्तानांनी डोळे उघडले आणि विचारलं, "काय म्हणत होतो मी?"

हलकेरावांनी त्यांना पाणी दिलं, पाय उचलून वर्तमानपत्रांच्या खुर्चीवर ठेवले आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. डोकं थंडपणे मागे मागे जात होतं. गेल्या महिन्यात कप्तानांनी असेच डोळे फिरवले होते. डुलकी लागली म्हणून दोघं हसले होते. त्याआधीही एकदा. तेव्हा बोटं कुठे होती? उजवीकडेच. डाव्या बाजूची दाढी करताना कधी झालं? एकदाही नाही. गळ्याचं बटण लावताना बोटं कुठे जातात? बस मागे घेताना मान डावीकडे वळली, तर घट्ट कॉलर कुठे रुतते?

"कप्तान," ते म्हणाले, "तुमची गडबड डोक्यात नाही. गळ्यात आहे. इथे. उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येतो."

"तुम्ही? येऊन करणार काय?"

"बोट दाखवणार."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. कप्तान, त्यांची बायको आणि हलकेराव असे तिघं मोठ्या सरकारी रुग्णालयात जाऊन बाकावर बसले. हलकेराव कप्तानांच्या बायकोला वहिनी म्हणत. वहिनींनी तपासण्यांची फाईल पोटाशी धरली होती. दोन तासांनी नंबर लागला. आतला तरुण डॉक्टर चांगला होता, पण दमलेला होता. त्याने फाईल चाळली आणि पहिला प्रश्न केला, "पिता का?"

कप्तानांनी मान खाली घातली. हलकेरावांना राहवलं नाही. "साहेब, एक दिवसाआड अर्धा तास माझं नाक यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. वीस वर्षं. घेत असते तर कुठली घेतात तेही मी सांगितलं असतं."

"तुम्ही कोण यांचे?"

"मी यांची दाढी करतो."

डॉक्टर हसला, नर्सही हसली. हलकेरावांनी तरी नेटाने सांगून टाकलं : उजवी बाजू, जबड्याखाली दोन बोटं, मान डावीकडे, आणि तीनही वेळा तस्संच. डॉक्टर म्हणाला, "काका, योगायोग असतो. हल्ली दाढी करताना कुणालाही झोप येते."

त्याच खोलीच्या कोपऱ्यात, कपाटातून कसलेसे कागद काढत, एक पन्नाशीच्या बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. पांढऱ्या कोटाच्या खिशाला शाईचा डाग, केस कसेबसे वर बांधलेले. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा. बोट नेमकं कुठे होतं?"

हलकेराव पुढे अनेकदा म्हणत, की आयुष्यात त्यांना पुष्कळांनी "शाबास" म्हटलं असेल, पण "पुन्हा सांगा" म्हणणारं माणूस तेच पहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "हात काढल्यावर किती वेळाने शुद्धीवर आले?" "पाच-सहा सेकंद." "घाम? मळमळ?" "नाही. वीज गेली आणि आली, तसं." बाईंनी फाईल मिटली आणि त्या तिघांना म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

त्या होत्या संशोधन विभागाच्या डॉक्टर. हृदयाला हळू चाल, जोरात चाल, असं कोण सांगतं; माणूस बसलेला उठला तर रक्त पायात का साचून राहत नाही; दाब वाढला हे शरीराला कळतं कसं, यावर त्यांचं बावीस वर्षांचं काम. तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, त्यांच्या दोन खोल्या. एकीत कलती होणारी एक लांब खाट, पट्टे, तारा, पडद्यावर धावणारी हिरवी रेघ. शेजारून वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, त्यामुळे हलकेरावांना तिथे घरच्यासारखंच वाटलं.

बाईंनी कप्तानांना खाटेवर झोपवलं, पट्टे बांधले, छातीला तारा लावल्या. आधी गळ्याच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "रक्तवाहिनीत कचरा साचलेला असेल तर दाबायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग सहायकाला हाताशी उभं केलं आणि उजव्या जबड्याखाली बोटं ठेवून हलकेच चोळायला सुरुवात केली.

हिरवी रेघ उड्या मारत होती ती एकदम सपाट झाली.

एक. दोन. तीन. वहिनींनी फाईल तोंडावर धरली. चार. कप्तानांचे डोळे वर गेले. पाच. बाईंनी बोटं केव्हाच काढली होती, पण रेघ अजून झोपलेलीच. सहा. सात. मग एक उडी. मग दुसरी. कप्तान म्हणाले, "झाली का तपासणी?"

"झाली," बाई म्हणाल्या. "सात सेकंद तुमचं हृदय थांबलं होतं. आणि हे ज्यांनी शोधलं, ते तुमच्या मागे उभे आहेत."

मग बाईंनी वहिनींना समोर बसवून सगळं समजावलं. गळ्यातली मोठी रक्तवाहिनी जबड्याखाली दोन फाट्यांत फुटते. फाटा फुटतो तिथे ती जराशी फुगीर असते आणि त्या फुगीर जागेत मज्जातंतूंची टोकं पहारेकऱ्यासारखी बसलेली असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणली जाते, पहारेकरी मेंदूला कळवतो आणि मेंदू हृदयाला म्हणतो, जरा दमाने. दाब उतरला की उलटा निरोप. "हे दिवसभर चालू असतं. आत्ता तुम्ही बसलात तेव्हाही झालं. आपल्याला कळत नाही म्हणून आपण आभार मानत नाही, एवढंच."

"मग यांचं काय बिघडलंय?" वहिनींनी विचारलं.

"यांचा पहारेकरी घाबरट झालाय. मांजर गेलं तरी चोर आला म्हणून बोंब ठोकतो. त्या बोंबेने हृदय थांबतं."

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. "माझ्या जाऊबाईंसारखं."

कप्तानांना पेसमेकर बसला. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की हृदय थांबण्यावर याचा इलाज होईल, पण त्याच निरोपाने रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात, तिथे याचा उपयोग नाही. म्हणून गळ्याचं बटण उघडं ठेवायचं आणि गप्प तपासणीला येत राहायचं. डेपोच्या साहेबांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. त्यात रोगाचं नाव होतं आणि शेवटी एक वाक्य : या गृहस्थांच्या दुखण्याचा मद्याशी काहीही संबंध नाही. वहिनींनी ते पत्र आधी शेजारच्या तिन्ही घरी नेऊन वाचून दाखवलं आणि मगच डेपोत दिलं.

आठ महिन्यांनी, सगळ्या चाचण्या पार पडल्यावर, कप्तानांना पुन्हा काम मिळालं. रस्त्यावरचं नव्हे, तर डेपोच्या मागच्या मोकळ्या मैदानात नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी हलकेराव आणि त्यांच्या बायकोला बोलावून घेतलं, रिकाम्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसवलं आणि मैदानात तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेनंतर बस थांबवून ते म्हणाले, "हलकेराव, मी काय बोलू?" हलकेरावांची बायको म्हणाली, "बोलू नका. मान सांभाळा." तेव्हा कुठे तिघंही हसले.

इथे गोष्ट संपली असती. पण पुढच्या तपासणीला हलकेराव कप्तानांसोबत गेले, तेव्हा बाईंच्या दुसऱ्या खोलीत वेगळंच काहीतरी चाललं होतं. एका तरण्याबांड अग्निशमनवाल्याच्या गळ्याभोवती रबराची रुंद कॉलर बांधली होती. तिच्यातून नळी, नळीला पंप. कॉलरमधली हवा ओढून घेतली की गळ्यातली रक्तवाहिनी बाहेरच्या बाजूला जराशी ताणली जायची. पहारेकऱ्याला वाटायचं दाब वाढला, आणि हृदय मंदावायचं. किती हवा ओढली की हृदय किती मंदावतं, हे मोजून पहारेकरी किती तिखट आणि किती सुस्त ते कळायचं. वय वाढतं तसा तो कसा बदलतो, हेच बाईंना हवं होतं. पण कॉलर बसेना. कुठून तरी सूं सूं करत हवा आत शिरायची आणि आकडे बिघडायचे. तीन महिने हेच. सहायकाने मलम लावून पाहिलं, पट्टी लावून पाहिली.

हलकेराव दारातून बघत होते. "बाई," ते म्हणाले, "ती हवा खुंटांमधून शिरतेय."

"कुठून?"

"दाढीच्या खुंटांमधून. या पठ्ठ्याने सकाळी घाईत केलीय. गाल बरा आहे, पण जबड्याखाली भोवरा असतो, तिथे केस चारी दिशांना उगवतात. एका दिशेने पातं फिरवलं की अर्धे राहतात. हात लावून बघा, कुंचल्यासारखं लागेल."

बाईंनी हात लावून पाहिला. मग त्या इतक्या जोरात हसल्या, की शेजारच्या धुलाई विभागातली बाई डोकावून गेली. "तीन महिने!" त्या म्हणाल्या. "तीन महिने मी पंप बदलतेय!"

त्या दिवसापासून हलकेरावांच्या दुकानाची सुट्टी गेली ती गेलीच. आठवड्याच्या बंदच्या वारी ते पिशवीत वाटी, ब्रश आणि वस्तरा घालून तळमजल्यावर हजर. आधी गरम टॉवेल, मग साबण, मग भोवऱ्याभोवती उलटसुलट चार हात. आणि बोटं कुठेही न रुतवता. कातडी ताणायची ती हनुवटीवरून किंवा कानामागून. ही पद्धत त्यांनी स्वतःच बसवली होती. कॉलर अशी चपखल बसायची, की हवेची टाप नव्हती आत शिरायची. बायको म्हणाली, "जगाच्या दाढ्या गुळगुळीत, आणि घरातली एक आठवडाभर तशीच." पण बाईंच्या खोलीसाठी टॉवेलांची वेगळी चळत तिने न सांगता करून ठेवली. आधीच्या चळतीपेक्षा पांढरी.

बाईंनी हलकेरावांकडे एक वहीही दिली. दुकानात कुणाला गळ्याला हात लागून भोवळ आली, तर कुठली बाजू, मान कुठे, किती वेळ, एवढं लिहायचं. मुद्दाम दाबून बघायचं नाही, आणि माणसाला विचारल्याशिवाय त्याचं काही लिहायचं नाही. दोन वर्षांत वहीत अकरा माणसं आली. बाईंनी तपासली, त्यातल्या चौघांचं दुखणं तेच निघालं. वहिनींचीही एक सूचना बाईंनी कागदावर घेतली. वहिनी म्हणाल्या होत्या, "पडणाऱ्या बायकांना दाढीचं काय विचारता? मान वळवून पाठीचं बटण लावताना काय होतं, ते विचारा."

मग बाईंच्या मनात आलं, की हे एका दुकानापुरतं का ठेवायचं. हलकेरावांनी ओळखीपाळखीने निरोप धाडले आणि एका दुपारी शहरातले बावीस कारागीर त्या कलत्या खाटेभोवती जमले. आल्याआल्या सगळ्यांनी आधी एकमेकांचे केस न्याहाळले. कुणी कुणाचं कापलंय आणि कुठे चुकलंय हे बघण्यात दहा मिनिटं गेली. मग बाई बोलल्या, हलकेरावांनी सहायकाच्या गालावर साबण लावून बोटं कुठे ठेवायची आणि कुठे नाही ते दाखवलं.

सगळं झाल्यावर मागच्या रांगेतला एक म्हातारा कारागीर उभा राहिला. सत्तरीचा असेल. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "बाई, एक विचारू? माझ्या खुर्चीत एक माणूस असाच गेला होता. म्हणजे मेला नाही, पण गेला. आला परत. त्याला एकतीस वर्षं झाली. मला वाटत आलं, माझाच हात जड पडला."

मग हलकेरावांना आपलाच आवाज ऐकू आला. छापखानावाल्याची गोष्ट त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. हनुवटीचे तीन टाके, मुलाचं ओरडणं, अकरा महिने, सासरेबुवा, सगळं. बोलून झाल्यावर बाईंनी विचारलं, "असं आणखी कुणाच्या खुर्चीत झालंय?" आणि हळूहळू पाच हात वर आले.

"तेव्हा नेमकं काय झालं, ते आज मला सांगता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "खोटं सांगून तुमचं मन राखणार नाही. पण हेच असू शकतं. अगदी असू शकतं."

तेवढं पुरे झालं. तो म्हातारा खाली बसला आणि शेजाऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाताना त्याने हलकेरावांचा हात दोन्ही हातांत धरला. गंमत अशी, की त्याचा हातही हलका होता. घरी येऊन हलकेरावांनी बायकोला सगळं सांगितलं आणि शेवटी, इतक्या वर्षांनी, म्हणून टाकलं, "त्या दिवशी तू तुझ्या वडिलांना आणलंस, नाहीतर मी संपलो असतो."

बायको टॉवेलाची घडी घालत होती. "एवढं कळायला तुम्हाला बावीस जण लागले?" ती म्हणाली. पण तोच टॉवेल तिने तीनदा उलगडला आणि तीनदा त्याची घडी घातली.

बाईंचं काम छापून आलं तेव्हा शेवटी आभारांचा एक परिच्छेद होता. त्यात अग्निशमनवाले होते, विद्यार्थी होते, कप्तान होते, आणि "शहरातले तेवीस केशकर्तनकार" होते. बाईंनी ते वाचून दाखवलं. हलकेराव म्हणाले, "बावीस आले होते." बाई म्हणाल्या, "तेविसावे तुम्ही." त्या रुग्णालयात आता कुणी म्हातारं माणूस कारण न सापडता पडलं, की दाढी, कॉलर आणि पाठीचं बटण हे तीन प्रश्न विचारतातच. तो तरुण डॉक्टर सगळ्यांत आधी विचारतो.

पुढच्या वर्षी एका संथ दुपारी बाई स्वतः दुकानात आल्या. बरोबर चाकांच्या खुर्चीत त्यांचे वडील. पंच्याऐंशी वर्षांचे, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, दाढी छातीवर आलेली. "बाबांना कुणाचा हात सोसत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "घरी मी प्रयत्न केला. रडतात. मी गळ्यावर आयुष्य काढलं, हलकेराव, आणि मला माझ्या बापाची दाढी करता येत नाही."

"तुम्ही बसा," हलकेराव म्हणाले. त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलून बाईंना जागा करून दिली.

घाई त्यांनी केलीच नाही. आधी नुसता कोमट टॉवेल म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवला, मग मनगटावर, मग खांद्यावर. तोंडापर्यंत पोचायला पंधरा मिनिटं घेतली. तोवर बाजारभावाचं, हवेचं, समोरच्या किराणावाल्याच्या नव्या पाटीवरच्या चुकीचं बोलत राहिले. कात्रीने लांब केस उतरवले. साबण लावला तेव्हा म्हातारे एकदा कण्हले. हलकेराव थांबले, वाट पाहिली, पुन्हा सुरू केलं. बोटं हनुवटीवर, कानामागे. जबड्याखाली कुठेही नाही. भोवऱ्यापाशी आले तेव्हा म्हाताऱ्यांचा श्वास लांब झाला होता आणि ओठ किंचित उघडले होते. ते झोपले होते.

बाईंनी आरशात आपल्या वडिलांचा चेहरा पाहिला. कितीतरी महिन्यांनी दिसत होता. "मी तुमचे आभार..." त्यांनी सुरुवात केली.

"बाई," हलकेराव तुरटीचा खडा ओला करत म्हणाले, "आभाराच्या बाबतीत तुम्ही माझ्या मागे नंबर लावा. माझा हात हलका आहे, हे लोक मला जन्मभर सांगत आले. पण मी ते खरं मानलं, ते तुमच्या तळमजल्यावर."

बाईंनी वडिलांच्या गळ्याभोवतीचा टॉवेल अलगद सोडवला. मग दोघांनी मिळून, एकाने पुढून आणि एकाने मागून, झोपलेल्या म्हाताऱ्यांना हिसका न बसू देता चाकांची खुर्ची उंबऱ्यावरून खाली उतरवली.